एसटीने लेणीला जाऊ, पण पोटभर खाऊन आणि पाणी पिऊन

आरोग्याचे पान



गेल्या काही महिन्यांत या पानावर आपण रक्तदाब, मुलांचे लसीकरण आणि पावसाळ्यातले जुलाब यांविषयी बोललो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. जालन्याहून एसटीने एका दिवसात जाऊन येता येईल अशा डोंगरवाटा आणि त्या चढताना शरीराची घ्यायची काळजी. काही जणी म्हणतील, डोंगर चढणे हा शिकल्या-सवरलेल्या, पैसेवाल्या लोकांचा छंद आहे. त्यांच्याकडे हजारोंचे बूट, पाठीवरच्या पिशव्या आणि स्वतःच्या गाड्या असतात. आमचे म्हणणे उलटे आहे. आपल्या भागातल्या उत्तम डोंगरवाटा बुद्धलेण्यांच्या आहेत. तिथे लाल परी जाते आणि बाईमाणसाला तिकीट अर्धे लागते. मग आपण का जाऊ नये?

जाऊच. पण आमच्या हातून एकदा जी चूक झाली ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून ती आधी सांगतो.

पायऱ्यांवर बसलेली मावशी

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात वस्तीतल्या बावीस जणी मिळून आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या बुद्धलेणीला गेलो. सकाळची पहिली गाडी पकडायची होती. आदल्या दिवशी विहारात बैठक झाली, तेव्हा अनेकींनी बसमध्ये उलटी होते अशी तक्रार केली. आम्ही सहज बोलून गेलो, "सकाळी पोट हलकेच ठेवा." नर्सिंगची पदविका घेतलेल्या, वॉर्डात वर्षानुवर्षे ड्यूटी केलेल्या आम्ही हे बोललो, आणि आमच्या शब्दाला वस्तीत मान आहे म्हणून सगळ्यांनी ते ऐकले.

आमच्यात शुगरची एक मावशी होती. तिने रोजच्यासारखी सकाळची गोळी घेतली आणि आम्ही सांगितले म्हणून काही खाल्ले नाही. दीड तास बस, पुढे रिक्षा, मग पायऱ्या. अर्ध्या पायऱ्यांवर ती बसली. थंडीतही तिला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि ती काहीतरी असंबद्ध बोलत होती. मागून एक जण कुजबुजली, "बाहेरचं काही लागलं का?" आपल्याच माणसांच्या तोंडी अजूनही हे शब्द येतात, म्हणून मुद्दाम लिहितो. बाहेरचे काही नव्हते. रक्तातली साखर एकदम उतरली होती, आणि त्याचे कारण आमचा सल्ला होता.

एका मुलीच्या पिशवीत खाऊला आणलेली साखरेची पुडी होती. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून मावशीला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत ती शुद्धीवर बोलू लागली. मग भाकरी-चटणी खाऊ घातली, दोघी तिच्यासोबत खाली थांबल्या आणि परतल्यावर तिला दवाखान्यात दाखवले. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी दाखवावेच लागते.

त्या पायऱ्यांवरच आम्ही इतर बायांना विचारले, सकाळपासून पाणी किती प्यायलात? उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. बहुतेक जणींनी आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी घेतले नव्हते. कारण एकच: "बसमध्ये लघवी लागली तर जायचं कुठं?"

हे पान त्या प्रश्नासाठी आहे.

पाण्याची गोष्ट जुनी आहे

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले होते, म्हणून दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने त्यांनी हात-तोंड धुतले. त्यावर हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, शिव्या दिल्या गेल्या. शेवटी आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर त्यांना किल्ला पाहता आला आणि लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. पाण्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसले हे प्रत्येक घराला माहीत आहे. आज त्याच किल्ल्यावरून एसटी जाते, बाटली भरून घेतली तर कोणी अडवत नाही. आणि आपल्या आया-बहिणी मात्र स्वतःहून तहानलेल्या राहतात, कारण प्रवासात बाईने जायचे कुठे याचा विचार कोणी केलेला नसतो. तहान मारून लघवीची जळजळ होते, डोके ठणकते, बद्धकोष्ठ होते, चढावर चक्कर येते, मूतखड्याचा त्रास असेल तर तो वाढतो. ही सवय मोडायला हवी.

त्यासाठी आम्ही आता सहलीचा आराखडा शौचालयापासून करतो. जालना बसस्थानकावर गाडी सुटण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचे. उतरल्यावर मध्यवर्ती बसस्थानकावर पुन्हा. लेणीच्या तिकीटघराजवळ पोहोचलो की पहिली चौकशी शौचालयाची. पिशवीत साबणाची वडी आणि जुने वर्तमानपत्र. दोघी-दोघींनी जायचे, म्हणजे भीती नाही. एवढे ठरले की बाया पाणी पितात.

पाणी किती? अर्ध्या दिवसाच्या चालण्याला माणशी दीड लिटर सोबत हवे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तहान लागेपर्यंत थांबायचे नाही, दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यायचे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे. गडद, हळदीसारखी असेल तर कमी पडते आहे. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकायचे.

चालणे हे औषध आहे, हे जीवकाने सांगितले

बुद्धकाळातला वैद्य जीवक आपल्याला माहीत आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्खूंना गोडधोड, पौष्टिक जेवणाची दाने मिळू लागली आणि त्यांची शरीरे जड होऊन दुखणी वाढली. जीवकाने ते पाहिले आणि भिक्खूंना चंक्रमणाची, म्हणजे ठरावीक जागेत येरझाऱ्या घालत चालण्याची मुभा द्यावी, अशी विनंती भगवान बुद्धांना केली. बुद्धांनी ती मान्य केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास सोसतो, कष्टाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. आजचे वैद्यकशास्त्रही यापेक्षा वेगळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी चालायची काय गरज?" हा प्रश्न आम्हाला प्रत्येक वस्तीत येतो. प्रश्न रास्त आहे. भट्टीवर, बांधकामावर, उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाचे अंग दुखते, कारण त्या कामात एकच सांधा, एकच पाठ वर्षानुवर्षे झिजते. विश्रांती नाही, मोकळी हवा नाही, आपल्या मर्जीचा वेग नाही. डोंगरावर वेग आपला असतो. दमलो तर बसता येते. मुकादम नसतो. शरीराला आणि मनाला हा फरक कळतो. घराबाहेर पडून, कोणाचा स्वयंपाक न करता, मैत्रिणींबरोबर घालवलेल्या एका दिवसाने किती जणींना शांत झोप लागते, हे आम्ही पाहिले आहे.

कुठे जायचे, कसे जायचे

लेणी डोंगरात असली तरी ती जगापासून दूर नव्हती. व्यापाराच्या जुन्या वाटांजवळ, गावात पिंडपाताला पायी जाऊन येता येईल अशा अंतरावर ती कोरली गेली. पावसाळ्यात भिक्खू तिथे वर्षावास करत. आपल्या जिल्ह्यातले केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे आपल्या या मातीतली माणसे दोन हजार वर्षांपूर्वीही धम्मासाठी दान पाठवत होती. आपण तर तिकीट काढून जाऊन यायचे आहे.

तिकिटाचे आधी सांगतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्याच्या हद्दीत एसटीत निम्मे तिकीट आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे. वयाच्या पुराव्यासाठी आधारकार्ड जवळ ठेवा. शहरातली सिटी बस ही एसटी नव्हे, तिथे ही सवलत गृहीत धरू नका. लेण्यांवर पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही.

पहिली वाट, सगळ्यांत जवळची: छत्रपती संभाजीनगरची बुद्धलेणी. जालन्याहून सुमारे ६० किलोमीटर. गाड्या दिवसभर असतात. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून सिटी बसने किंवा शेअर रिक्षाने विद्यापीठ किंवा बीबी का मकबऱ्यापर्यंत जायचे. मकबऱ्यापासून लेणी साधारण दोन किलोमीटर. सकाळच्या वेळी हे अंतर चालतच जावे, म्हणजे चढायच्या आधी पाय मोकळे होतात. पायऱ्या चढून पश्चिमेकडची पाच लेणी, आणि त्याच डोंगराला धरून सुमारे एक किलोमीटरवर पूर्वेकडचा गट. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून हात जोडलेले उपासक-उपासिका कोरले आहेत, जवळपास माणसाएवढे. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे शिल्प आहे. आग, चोर, साप अशा भयांत सापडलेली माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना दाखवली आहेत. मुलांना हे समजावून सांगा, ती दमायचे विसरतात. परतताना वेळ असेल तर नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय पाहता येते.

दुसरी वाट, गुडघे दुखणाऱ्यांसाठी: वेरूळ. शहरातून सुमारे ३० किलोमीटर. कन्नडकडे जाणाऱ्या एसटी तिथे थांबतात. दौलताबाद आणि खुलताबाद याच रस्त्यावर आहेत. एकूण ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध आहेत आणि ती दक्षिण टोकाला एका रांगेत आहेत. त्यांच्यासमोर चालणे बरेचसे सपाटीचे आहे. बारावे लेणे तीन मजली आहे. ज्यांना झेपेल त्यांनी त्याचे जिने चढावेत, बाकीच्यांनी दहाव्या लेण्याच्या चैत्यगृहात गार सावलीत बसावे. मंगळवारी वेरूळ बंद असते.

तिसरी वाट, तयारी झाल्यावर: अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट. जालन्याहून भोकरदनमार्गे सिल्लोड गाठून पुढे जळगावच्या दिशेची गाडी पकडायची. इथे अनेक जण फसतात: अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी एकाच ठिकाणी नाहीत. गाव आधी येते. लेण्यांसाठी घाट उतरून फर्दापूरजवळच्या लेणी फाट्यावर उतरायचे असते, कंडक्टरला तसे आधीच सांगून ठेवा. फाट्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे चार किलोमीटर वेगळी बस जाते. लेणी पाहून झाल्यावर वाघुर नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावर चढणारी पायवाट आहे. वर गेल्यावर घोड्याच्या नालासारख्या वळणात कोरलेली सगळी लेणी एका नजरेत दिसतात. याच बाजूने १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दहावे लेणे दिसले. ही चढण उभी आहे. पहिल्याच सहलीला तिच्या नादी लागू नका. सोमवारी अजिंठा बंद असते.

परतीची शेवटची गाडी कितीची, हे उतरल्या उतरल्या बसस्थानकावर विचारून घ्या. वेळा बदलत असतात. आम्ही दुपारी तीनला डोंगर सोडतो, मग काही पाहायचे राहिले तरी चालेल.

निघण्याआधी कोणी काय तपासावे

चढण आपल्या शरीरातला लपलेला आजार उघडा पाडते. सपाटीवर जो आजार जाणवत नाही तो वीस पायऱ्यांवर दम बनून समोर येतो. म्हणून सहलीच्या पंधरा दिवस आधी विहारात किंवा उपकेंद्रात आशाताई आणि सिस्टरांना बोलावून तपासणी करून घ्या.

रक्त कमी असणे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. बाईचे हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवे, गरोदर बाईचे ११. डोळ्यांची खालची पापणी ओढली तर आत पांढरट दिसणे, नखे फिकट, थोड्या कामाने छातीत धडधड, माती किंवा खडू खावासा वाटणे, ही खूण आहे. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर डोंगर थांबेल, आधी उपचार. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. अंगावरून जास्त जात असेल तर ते दाखवा. नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत.

शुगर: गोळी किंवा इन्सुलिन घेतले तर खायचेच. चढण्याच्या दिवशी डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना आधी विचारा. पायाला जखम असेल तर चढू नका. शुगरवाल्यांनी घरी आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत.

रक्तदाब: "बसमध्ये लघवी लागते म्हणून आज गोळी घेतली नाही" हे आम्ही नेहमी ऐकतो. गोळी चुकवायची नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा.

दमा आणि छाती: चुलीच्या धुराने, कारखान्याच्या धुळीने छाती भरलेली असते. पंप असेल तर तो पिशवीत खाली नको, हाताशी ठेवा. टीबीचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील तर पुढच्या सहलीला या. ताकद आल्यावर डॉक्टर सांगतील.

छातीत दुखणे: चढताना छाती आवळल्यासारखी होते आणि थांबले की बरे वाटते, असे एकदा जरी झाले असेल तरी आधी ईसीजी. त्याला गॅस म्हणून सोडा पिऊ नका.

मासिक पाळी: पाळीत डोंगर चढायला आणि लेण्यात जायला कसलीही आडकाठी नाही. पोट फार दुखत असेल तर आराम करा, तेवढेच. जादा पॅड, कागद आणि पिशवी जवळ ठेवा. चार ते सहा तासांनी पॅड बदला. वापरलेले पॅड लेणी परिसरात टाकू नका.

तयारी महिन्याभराची ठेवा. जालन्यात राहणाऱ्यांनी मोती तलावाकडे संध्याकाळी चालायला सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत न्या. शेवटच्या आठवड्यात एखाद्या इमारतीचे दोन-तीन जिने चढून पाहा.

त्या दिवशी काय करावे

पोट: आता आम्ही "हलके पोट" म्हणत नाही. निघण्याच्या तासभर आधी भाकरी किंवा पोळी, थोडी भाजी, बस. तेलकट, तिखट नको. उपाशीपोटी बस जास्त लागते. उलटीचा त्रास असणारीने पुढच्या भागात बसून समोर लांब पाहावे, मोबाइल पाहू नये. गोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारून बस सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी.

सोबत: पाणी, भाकरी-चटणी, शेंगदाणे-गूळ, साखरेची पुडी, ओआरएसची दोन पाकिटे, रोजच्या गोळ्या, टोपी किंवा ओला रुमाल, एक काठी. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चप्पल मागे पट्टा असलेली, तळ घासलेला नसलेली. नवी चप्पल त्याच दिवशी घालू नका.

वेग: चालताना बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर आपण फार हळू आहोत; शब्दसुद्धा फुटत नसेल तर फार जोरात. सगळ्यांत हळू चालणारी पुढे, सशक्त मुलगी सगळ्यांत मागे. कोणी एकटी मागे राहणार नाही, एकटीला खाली बसवूनही जायचे नाही.

उतरणे: गुडघ्यांवर चढताना कमी आणि उतरताना जास्त भार येतो. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले, काठी पुढे. पायरी उंच असेल तर आडवे होऊन उतरा.

ऋतू: ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, पण दगड शेवाळलेले असतात. धबधब्याच्या काठावर फोटोसाठी जाऊ नका. बुद्धपौर्णिमा वैशाखातल्या उन्हात येते. त्या दिवशी जायचे तर सकाळी लवकर चढून दहाच्या आत खाली या. ऊन लागून अंग तापले, घाम थांबला आणि माणूस बरळू लागला तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

चार संकटे

मधमाश्या: लेण्यांच्या कपारीत आग्यामोहोळ असते. धुराने आणि दगडाने ते उठते. म्हणून लेण्यात अगरबत्ती, मेणबत्ती लावू नका. वंदना हात जोडूनही पोहोचते. मुलांना दगड मारू देऊ नका. माश्या उठल्या तर हात न झाडता तोंड-डोके कपड्याने झाका आणि लांब पळा. काटा नखाने खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला तर थांबायला वेळ नाही, लगेच १०८.

साप: चावलेली जागा कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अंगठी, बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि सरकारी रुग्णालय गाठा. विषावरचे औषध तिथेच मिळते.

साखर उतरणे: घाम, थरथर, बरळणे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटे वाट, फरक नसेल तर पुन्हा तीन चमचे, मग पोटभर खाणे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

छातीत दुखणे: बसवा, चालवू नका, १०८ लावा. ही सेवा मोफत आहे.

ती मावशी

मावशीचे पुढे काय झाले, हे वस्तीत सगळे विचारतात. दवाखान्यात तिची गोळी बदलून दिली. घरी सुनेने सांगितले, "आता कुठं जायचं नाही." आम्ही तिच्या घरी जाऊन बसलो आणि मुलासमोर, सुनेसमोर कबूल केले की चूक तिची नव्हती, आमची होती. तिने महिनाभर संध्याकाळचे चालणे धरले, आणि पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. या वेळी पोळी खाऊन, पाणी पिऊन, बसस्थानकावर दोनदा जाऊन. तिसऱ्या लेण्यातल्या त्या गुडघे टेकलेल्या उपासिकांसमोर ती बराच वेळ उभी होती. खाली उतरताना म्हणाली, "तिच्या केसांची वेणी बघितली का गं? किती नीट घातलीय."

तुमच्या विहारातून जाणार असाल तर पौर्णिमेच्या बैठकीत यादी करा. नावापुढे आजार, गोळी आणि घरचा फोन लिहा. ही यादी ज्या बाईच्या हाती असेल तिने सकाळी बसस्थानकावर प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारायचे: खाल्लं का? पाणी प्यायलीस का?

नमो बुद्धाय. जय भीम!